पाखाडीच्या पायऱ्या चढू की सावकाश चालू?

गुहागरकडच्या ५२ वर्षांच्या एक काकू आमच्याकडे आल्या त्या घाबरूनच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.१, रक्तदाब १३४/८४. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. रोज रात्री जेवून शेजारणीबरोबर अर्धा तास चालायच्या. मुंबईच्या भाच्याने सांगितलं, "मावशी, नुसत्या चालण्याने रक्तवाहिन्यांना काही होत नाही, धाव." त्या किनाऱ्यावर मऊ वाळूत धावल्या, धाप लागली तशा मटकन बसल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरी ग्लुकोमीटर लावला तर निघताना ११६ असलेली साखर १३८. "व्यायामाने साखर वाढलीच की हो! मग धावू की नको?"

साखर वाढणं खरं होतं, भीती मात्र चुकीची. एकदम जोर केला की अॅड्रेनलिन वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. ही वाढ थोड्या वेळाची असते. त्यानंतर साधारण एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त चांगली दाद देतात. अंधारीचं कारण वेगळं. चालताना-धावताना पोटऱ्या रक्त वर ढकलतात. एकदम बसलं की ते पायांत साचतं आणि मेंदूला कमी पडतं.

आता रक्तवाहिन्या. त्यांच्या आत पेशींचा एकच पातळ थर असतो. रक्त वेगाने वाहिलं की त्याच्या घर्षणाने हा थर नायट्रिक ऑक्साइड सोडतो आणि वाहिनी सैल होते. साखर वारंवार चढी राहिली की हा वायू लवकर नष्ट होतो. हे नुकसान मधुमेह ठरण्याआधीच सुरू झालेलं असतं. दंडाच्या धमनीवर सोनोग्राफी करून वाहिनी किती पसरते ते मोजतात, पण ती चाचणी मुख्यतः संशोधनातली. लॅबमध्ये शोधत फिरू नका.

जोराच्या व्यायामात रक्ताचा वेग जास्त, त्यामुळे वाहिनीला सैल होण्याचा इशाराही जास्त. भाच्याचं तेवढं बरोबर. पण नेमाने केलेल्या मध्यम व्यायामानेही वाहिन्या सुधारतात, आणि सवय नसताना अति केलं तर लगेचच्या काही वेळात त्या उलट कमी पसरू शकतात. काकूंची खरी अडचण निराळीच होती: चालताना त्यांना अख्खी आरती म्हणता येत होती. मध्यम वेग म्हणजे बोलता यावं, गाता येऊ नये. जोराचा वेग म्हणजे चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागावा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंद राहते, म्हणून घड्याळापेक्षा ही खूण आम्हाला भरवशाची वाटते.

डॉक्टरांकडून ईसीजी आणि गुडघे तपासून घेतले. पहिले चार आठवडे आठवड्यातले पाच दिवस ३० मिनिटं भरभर चालणं, ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट वाळूवर. मऊ वाळूत पाय रुततो, पोटरी आणि घोटा दुखावतो. पाचव्या आठवड्यापासून त्यातल्या दोन दिवशी वाडीतून रस्त्याकडे जाणारी पाखाडी. आधी दहा मिनिटं सपाटीवर चालायचं. मग एक मिनिट भरभर चढायचं, दोन मिनिटं सावकाश उतरायचं. असं चार वेळा, महिन्याभरात वाढवत सहा वेळा. शेवटी पाच मिनिटं हळू चालायचं, बसायचं नाही. चढताना श्वास कोंडायचा नाही, त्याने रक्तदाब उसळतो. गुडघ्यावर भार चढण्यापेक्षा उतरताना जास्त येतो, म्हणून गडग्याला (कडेच्या दगडी कुंपणाला) हात लावत तिरकं उतरायचं. पाखाडीचे दोन दिवस लागोपाठ नकोत, आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त सुट्टीही नको, कारण इन्सुलिनचा तो फायदा ओसरतो. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ आली तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठायचं.

आहारात फार ढवळाढवळ केली नाही. रात्रीचा भात निम्मा केला, एवढंच.

तीन महिन्यांनी उपाशीपोटी साखर १०५, रक्तदाब १२८/८०. चमत्कार नाही, पण दिशा बरोबर. काकूंना अप्रूप वेगळ्याच गोष्टीचं: पाण्याची कळशी घेऊन चढताना मध्ये टेकावं लागत नव्हतं.

मग मृग लागला आणि जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं. पाखाडी बंद. आता त्या पडवीच्या एकाच पायरीवर तेवढाच वेळ चढ-उतार करतात, खांबाला एक हात ठेवून.