वाचक विचारतात: पॉम्पेईची राख आणि तेरची मूर्ती

मागच्या अंकात इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं इ.स. 79 मध्ये गाडलेल्या पॉम्पेई शहरावर मी थोडंसं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरं इथे देते. उरलेल्या पत्रांत ‘हे त्या लोकांच्या पापाचं फळ होतं का?’ या जातीचे प्रश्न बरेच आहेत. मी जन्मभर भूशास्त्र शिकवलं. त्या खात्यात मला गती नाही.

बाई, आपला सह्याद्रीही लाव्हाचाच ना? मग आपल्याकडे पॉम्पेईसारखी राख का नाही? आणि पॉम्पेईत लाव्हा किती फूट चढला होता? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

इंचभरही नाही. वर्गात फळ्यावर ज्वालामुखी काढायला घेतला की मुलं आधी तांबडा खडू पुढे करायची. पॉम्पेईच्या चित्राला पांढरा आणि करडा एवढे दोनच खडू पुरतात.

घाटात दिसतो तो काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा पातळ होता. त्यातले वायू सहज निसटत, आणि तो भेगांतून निघून कोसच्या कोस पसरे. व्हेसुव्हियसचा शिलारस चिकट आणि वायूंनी गच्च भरलेला. पातळ पिठलं निवांत खदखदतं आणि घट्ट झालं की अंगावर उडतं, तसा हा फरक. तिथे दुपारी स्फोट झाला, 30 किलोमीटरच्या वर राखेचा खांब चढला आणि वाऱ्यानं तो आग्नेयेला, म्हणजे पॉम्पेईवर आणून टाकला. साधारण 18 तास हलके, सच्छिद्र खडे पडत राहिले. त्यांचा थर अडीच मीटरच्या वर गेला आणि छपरं कोसळली. या वेळात जे निघून गेले त्यांना वाचण्याची संधी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तापलेली राख आणि वायू यांचे लोट जमिनीलगत वेगानं आले. त्यांच्यापुढे कुणी पळू शकत नाही.

आपल्याकडे राख अजिबात नाही असं मात्र समजू नकोस. जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर उघडा पडलेला आहे. तो सह्याद्रीचा नव्हे. इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची राख उडत इथवर आली, असं मानतात. नाशिकहून फार लांब नाही, जाऊन ये.

तिथली माणसं खरंच दगड झाली का? बाळाला कवटाळलेल्या आईचा फोटो आमच्या गटावर फिरतोय. बघवत नाही. (गृहिणी, डोंबिवली)

दगड कुणी झालं नाही. बारीक राख अंगाभोवती घट्ट बसली, आतलं शरीर कुजून गेलं आणि पोकळी उरली. 1863 मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली या उत्खननप्रमुखानं त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायला सुरुवात केली. आपण पाहतो ते प्लास्टरचे ठसे आहेत, पण हाडं अजून त्यांच्या आतच आहेत.

त्याच हाडांतून डीएनए काढून 2024 मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. सोन्याचं कडं घातलेली ती ‘आई’ पुरुष निघाली, आणि त्या मुलाशी तिचं, म्हणजे त्याचं, रक्ताचं नातं नव्हतं. मिठी मारलेल्या ‘दोन बहिणीं’पैकी निदान एक जण पुरुष होता. शेवटच्या क्षणी परक्या मुलाला जवळ घेणारा तो कोण होता, हे डीएनए सांगत नाही. गटावर मजकूर दुरुस्त करून टाका. फोटो तेवढाच बघवणार नाही.

आमच्या तेरची लक्ष्मी पॉम्पेईत सापडली, असं आमचे गुरुजी सांगायचे. यात तथ्य किती? (शेतकरी, धाराशिव जिल्हा)

तुमच्या प्रश्नाची मी वाटच पाहत होते.

आधी खात्रीचं सांगते. 1938 मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेडेओ मायुरी यांच्या देखरेखीखाली पॉम्पेईच्या एका मोठ्या रस्त्यालगतच्या घरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. उंची जेमतेम 25 सेंटिमीटर. हात बांगड्यांनी भरलेले, पायांत तोडे, दोन्ही बाजूंना प्रसाधनाच्या वस्तू घेतलेल्या दोन लहान मुली. कारागिरी हिंदुस्थानी, त्यात वाद नाही. डोक्यात भोक आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या आसनाचा पाय असावी. देव्हाऱ्यातली तर नव्हेच. ‘लक्ष्मी’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पण ना हातात कमळ, ना अभिषेक करणारे हत्ती. यक्षी म्हणणं जास्त बरं.

आता तेर. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचं गाव, पण त्याआधीचं ते तगर. तिथे सापडलेली हस्तिदंती स्त्री पॉम्पेईच्या मूर्तीशी इतकी जुळते की गुरुजींनी तसं सांगावं यात नवल नाही. ती गावातल्याच लामतुरे संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यात भोकरदनलाही अशाच मूर्तीचा खालचा भाग मिळाला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक टिपणात भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेला 20 दिवसांच्या वाटेवर आणि तगर पैठणच्या पूर्वेला 10 दिवसांवर, असं लिहिलंय. तगरचं कापड गाड्यांनी खराब वाटा तुडवत भडोचला जाई. त्या गाड्यांत हस्तिदंतही असू शकेल.

पण ‘तेरहूनच गेली’ असं मी लिहून देणार नाही. मूर्तीवर खरोष्ठीतली खूण आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. अफगाणिस्तानात बेग्रामलाही हस्तिदंती स्त्रियांचं मोठं घबाड मिळालंय. माझं मन दख्खनकडे झुकतं. माहेर परभणीचं, तेव्हा थोडा पक्षपात धरूनच वाचा. एक गोष्ट मात्र पक्की: ही मूर्ती इ.स. 79 नंतरची असूच शकत नाही. तेर-भोकरदनच्या वस्तूंचा काळ अंदाजानं लावावा लागतो; त्या कामात ही राखेची मुदत फार मोलाची.

आणखी एक. हिंदुस्थानचा माल दरवर्षी रोमचे निदान 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक थोरला प्लिनी लिहून गेलाय. हाच प्लिनी मिसेनम बंदरातल्या रोमन आरमाराचा प्रमुख होता. उद्रेकात अडकलेल्यांना सोडवायला तो जहाजं घेऊन निघाला आणि स्टॅबियाच्या किनाऱ्यावर मेला. त्याची तक्रार ज्या चैनीवर होती, त्यातली ही एक वस्तू तिथून काही मैलांवर गाडली जात होती.

उद्रेकाची तारीख 24 ऑगस्ट की ऑक्टोबर? (पुणे)

24 ऑगस्ट ही तारीख थोरल्या प्लिनीच्या भाच्यानं इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रात येते. पण ते पत्र हातानं उतरवलेल्या प्रतींतून आपल्यापर्यंत आलंय आणि प्रतींत तारखा वेगळ्या आहेत. 2018 मध्ये डागडुजी चालू असलेल्या एका घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेली 17 ऑक्टोबर ही तारीख सापडली. वर्ष लिहिलेलं नाही, हीच मेख. तिथे मिळालेली डाळिंबं आणि शेगड्यांचा पुरावाही शरदाकडे बोट दाखवतो. मी ऑक्टोबरच्या बाजूची, पण पैज लावणार नाही.

मुलीकडे युरोपला चाललोय. नेपल्सला दोनच दिवस आहेत. पॉम्पेईत ती मूर्ती कुठल्या दालनात आहे? (निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर)

पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, आणि तीही ‘गुप्त दालना’त. तिथे शृंगारिक वस्तू ठेवतात, त्यामुळे नातवंडं बरोबर असतील तर आधी विचार करा. संग्रहालय मंगळवारी बंद असतं. नेपल्सहून सोरेंतोकडे जाणारी लोकल पॉम्पेईला थांबते, पण मी तुमच्या जागी असते तर आधी एर्कोलानोला उतरले असते. तिथलं हर्क्युलेनियम, याच उद्रेकात गाडलेलं दुसरं शहर, लहान आहे, उन्हात पाय कमी दुखतात. सुमारे 20 मीटर थराखाली गेल्यानं लाकडी तुळया आणि दारं जळून कोळसा झाली, तरी जागच्या जागी उभी आहेत. किनाऱ्याच्या नावघरांत आसऱ्याला थांबलेल्या 300 माणसांचे सांगाडेही तिथेच मिळाले. पॉम्पेई दुसऱ्या दिवशी, सकाळी दार उघडताच गाठा. टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नका.