हुडहुडीचा पुरावा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

खारघरला तुमच्या सोसायटीत शेकोटीभोवती झालेला वाद तू सविस्तर कळवलास. 'कुठाय तुझी तापमानवाढ?' असं काकांनी विचारलं, सगळे हसले आणि ते तुला लागलं. त्यांना गप्प करील असं एक वाक्य तू मागतेस. तसं वाक्य नाही. असतं तरी दिलं नसतं. अशा वाक्यांची चटक लागली की माणूस आकडे बघायचं सोडतो.

काकांचा मुद्दा जुना आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये जेम्स इन्होफ नावाचे सिनेटर बर्फाचा गोळा घेऊन थेट अमेरिकेच्या सिनेटमध्ये उभे राहिले होते. बाहेर एवढी थंडी, मग पृथ्वी तापतेय कुठे? गंमत म्हणजे नुकतंच सरलेलं २०१४ हे तोवरच्या नोंदींतलं जगातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं होतं.

आपल्याकडे थंडी येते कशी, हे आधी नीट सांगता आलं पाहिजे. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारा पाऊस-बर्फाचा पट्टा, हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरतात. आभाळ निरभ्र, हवेत बाष्प कमी, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. हे पूर्वी होत होतं, पुढेही होईल. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. हा आकडा काकांनी काढायच्या आधी तूच सांग.

त्यात जागेचाही हात असतो. इथे ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी पहाटे शाल लागते तेव्हा नौपाड्यात गोखले रोडवर कुणाच्या तरी घरी पंखा चालू असतो. काँक्रीट दिवसाची ऊब रात्रभर सोडत राहतं. तेव्हा 'मला थंडी वाजली' या पुराव्याला फार वजन नाही. मे महिन्यातल्या 'मला उकडलं'लाही नाही, आणि हे तुमच्या कॉलेजातल्या मंडळींना जरूर ऐकव.

वजन असतं ते लांबच्या हिशेबाला. अमेरिकेत १९५० च्या दशकात उष्णतेचे आणि थंडीचे दैनंदिन विक्रम जवळजवळ बरोबरीने होत. २००० नंतरच्या दशकात उष्णतेचे विक्रम थंडीच्या साधारण दुप्पट झाले. थंडीचे बंद पडले नाहीत, मागे पडले. कडाक्याची थंडी जगाच्या बहुतेक भागांत कमी वेळा आणि कमी तीव्रतेने येऊ लागली आहे, असं आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, २०२१ च्या अहवालातही आहे.

आता तुझी बाजू. 'ही थंडीसुद्धा तापमानवाढीमुळेच आलीय' असं तू ठणकावून सांगितलंस, ते मला पटलं नाही. आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या कितीतरी वेगाने तापतोय, हे मोजलेलं आहे. त्यामुळे जेट प्रवाह, म्हणजे उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, मंदावून नागमोडी होतो आणि ध्रुवाकडची थंडी खाली घसरते, असं जेनिफर फ्रान्सिस आणि स्टीफन व्हॅव्रस या हवामानशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये मांडलं. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सास गोठलं तेव्हा हीच चर्चा पुन्हा झाली. पण या दुव्यावर हवामानशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आणि तू तर तो थेट खारघरच्या शेकोटीला जोडलास! ऊन पडलं तरी तापमानवाढ, गारठा पडला तरी तापमानवाढ. मग तुझं म्हणणं खोटं ठरेल तरी कशाने, असं काकांनी विचारलं तर तो प्रश्न रास्त असेल. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो, हे पक्कं. जेट प्रवाहाचं वादात. दोन्ही एकाच सुरात सांगू नकोस.

काकांची देवगडला कलमं आहेत ना? मग वाद बाजूला ठेवून त्यांना हापूसबद्दल विचार. मोहोराला थंडी लागते आणि ती फार दिवस टिकली तर पुनर्मोहोर येऊन आधीची बारीक फळं गळतात, हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. मोहोराचं वेळापत्रक त्यांच्या बागेत बदललंय का, ते ऐकून घे. मध्ये बोलू नकोस.

आणि हवामान खात्याच्या पुण्याच्या कार्यालयाकडून सांताक्रूझचं डिसेंबर ते फेब्रुवारीचं किमान तापमान मागव, जितकं मागचं मिळेल तितकं. आलेख काढताना एकही वर्ष गाळायचं नाही, १९६२ तर नाहीच. झाला की ठाण्याला घेऊन ये, काकांनाही आण.

तुझे,
सर