शिलाई मशीन देण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही वीस मैत्रिणी दरमहा थोडे पैसे बाजूला टाकतो. लैंगिक शोषणातून बाहेर पडलेल्या बायका-मुलींच्या निवारागृहाला दहा शिलाई मशीन द्यायचा विचार आहे. योग्य ठरेल का?

मशीन घेण्याआधी निवारागृहाला एवढंच विचारा : गेल्या दोन वर्षांत इथे शिवण शिकून बाहेर पडलेल्यांपैकी किती जणी आज त्याच कामावर पोट भरतात? आकडा सांगता आला नाही, तर थांबा. शिवणवर्ग संस्थेच्या सोयीचा असतो. एक खोली, एक शिक्षिका, कुणाला बाहेर पाठवायला नको. गिऱ्हाईक कुठून मिळणार, मशीन बिघडलं तर कोण बघणार आणि मुळात तिला शिवणाची आवड आहे का, हे प्रश्न मात्र तसेच राहतात.

बाहेर पडलेल्या बाईला परत ओढणारी गोष्ट बहुधा अगदी साधी असते : पैशांची तूट. प्रशिक्षण चालू असताना कमाई शून्य, पण डोक्यावरचं कर्ज वाढतच असतं, घरी पैसे पाठवायचे असतात, लहान मूल सांभाळायचं असतं. निवाऱ्यातून निघाल्यावर खोली हवी आणि खोलीला अनामत. नेमकी अशा वेळी जुनी ओळख उसने पैसे घेऊन दारात उभी राहते.

म्हणून तुमचा पैसा या तुटीवर लावा. प्रशिक्षणभर दरमहा विद्यावेतन, खोलीची अनामत, मुलाच्या पाळणाघराचा खर्च. ओळखपत्रांची दुय्यम प्रत काढण्याचा खर्चही धरा, कारण शोषण करणारे कागदपत्रं अनेकदा काढून घेतात आणि ती परत मिळवताना हेलपाटे घालावे लागतात, रोजगार बुडतो. बँकखातं तिच्या एकटीच्या नावावर हवं, त्याला जोडलेला फोन नंबर तिचाच हवा आणि पासवर्ड संस्थेतल्या ताईंनाही माहीत नसावा. दहा जणींना एकेक महिना मदत करण्यापेक्षा दोघींना वर्षभर करा. आणि रक्कम ठरल्या तारखेलाच पोचू द्या, कारण चार दिवसांचा उशीरसुद्धा तिला पुन्हा सावकाराकडे नेतो.

हातात रोख दिली तर ती उडवेल, अशी शंका तुमच्यापैकी कुणीतरी काढेलच. आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या झोंबा जिल्ह्यात २००८-०९ मध्ये १३ ते २२ वर्षांच्या अविवाहित मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना दरमहा छोटी रक्कम दिली गेली. शाळेत असलेल्या मुलींची १८ महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा पैसे मिळालेल्यांत एचआयव्हीचं प्रमाण १.२ टक्के होतं, न मिळालेल्यांत ३ टक्के. शाळेत हजर राहण्याची अट घातली काय, न घातली काय, यात फरक दिसला नाही. म्हणजे बिनअटीची रोखही वाया गेली नाही. आधीच शाळा सुटलेल्या मुलींत मात्र असा ठळक परिणाम आढळला नाही. तेव्हा जोखमीतल्या मुलींसाठी काही करायचं असेल, तर शाळा सुटायच्या आत करा.

प्रश्न : मी संध्याकाळच्या अभ्यासवर्गात शिकवते. चौदा वर्षांची एक विद्यार्थिनी म्हणाली, “एक काका फोनचं रिचार्ज करून देतात आणि फोटो मागतात.” मी काय करू?

सगळ्यात आधी शांतपणे ऐका. “सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही,” एवढं नक्की म्हणा. “कुणालाच सांगणार नाही,” असा शब्द मात्र देऊ नका. तो मोडावाच लागतो आणि मग ती पुढे कुणावरच विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी सांगा : “तू सुरक्षित राहावीस म्हणून मला एक-दोघांना सांगावं लागेल. कुणाला, ते आधी तुला सांगेन.”

खोदून विचारू नका. “मग काय झालं?” हा प्रश्न चालेल, “त्यानं हात लावला का?” हा नको. उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नांमुळे पुढे तिच्या जबाबावर शंका घेतली जाते. त्याच दिवशी, तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा आणि खाली सही करा. त्या माणसाला जाब विचारायला जाऊ नका; तो सावध होतो, पुरावे पुसतो आणि मुलीला धमकावतो. तो नात्यातला किंवा घरी येणारा-जाणारा असू शकतो, म्हणून ते कळेपर्यंत घरी परस्पर फोन नको. तिच्या फोनमधले फोटो स्वतःकडे घेऊ नका, कुणाला पाठवू नका. लहान मुलांची अशी चित्रं जवळ बाळगणं हाच अनेक देशांत गुन्हा आहे. पुसायलाही सांगू नका. मग विनाविलंब बालसंरक्षण यंत्रणेला किंवा पोलिसांना कळवा.

प्रत्यक्ष अत्याचार झाला असेल तर घड्याळ महत्त्वाचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. तातडीचं गर्भनिरोधक पाच दिवसांपर्यंत देता येतं, पण दोन्ही जितकी लवकर तितकी चांगली. अंगावरचे कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. तिनं अंघोळ केली असली तरी दवाखान्यात न्याच.

“ती स्वतःहून बोलत होती,” असं कुणी म्हणेल. मानवी तस्करीविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा पालेर्मो करार स्पष्ट आहे : १८ वर्षांखालच्या मुलीला शोषणासाठी नेलं, ठेवून घेतलं किंवा पुढे सोपवलं, तर जबरदस्ती किंवा फसवणूक झाल्याचं वेगळं दाखवावं लागत नाही. तिच्या “हो”ला तिथे अर्थ नाही.

प्रश्न : देणगीदार मुलींचे फोटो मागतात. चेहरा पुसट केला तर चालेल ना?

नाही. जखमेची खूण, गणवेश, मागची भिंत यांवरून माणूस ओळखू येतो आणि फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंदही असू शकते. तिनं सही दिली आहे, हे कारणही पुरेसं नाही. जिच्या डोक्यावरचं छप्पर संस्थेच्या हाती आहे, तिला नकार देणं सोपं नसतं. देणगीदारांना हिशोब दाखवा.

प्रश्न : देणगीसाठी संस्था कशी पारखावी?

“इतक्या मुली सोडवल्या” हा आकडा बाजूला ठेवा आणि वर्षभरानं त्या कुठे आहेत ते विचारा. सज्ञान बाईला तिच्या मर्जीनं बाहेर जाता येतं का? दाराची किल्ली कुणाकडे असते? कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार करायची तर संस्थेबाहेरच्या कुणापर्यंत पोचायची वाट आहे का? नेमणुकीआधी माणसांची पार्श्वभूमी तपासतात का? आणि तुम्हाला पहिल्याच भेटीत थेट मुलींच्या खोल्यांपर्यंत नेलं, तर तिथे देणगी देऊ नका. जे दार तुम्हाला इतक्या सहज उघडलं, ते इतरांनाही उघडतं.

प्रश्न : वापरलेले कपडे देऊ का?

आधी फोन करून विचारा. जुने कपडे बहुधा गरजेपेक्षा जास्त जमलेले असतात. कमी पडतात त्या गोष्टी म्हणजे मापं विचारून घेतलेली नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड आणि कुलूप लावता येईल अशी एकेकीची स्वतंत्र पेटी. किल्ली तिच्याच हातात द्या.