हॉस्पिटलच्या उपचारात अध्यात्माला जागा असावी का?

असावी, पण औषधाच्या जागी नव्हे, जोडीला. जागतिक आरोग्य संघटना उपशामक उपचारांत (गंभीर आजारात रुग्णाचा त्रास हलका करणाऱ्या उपचारांत) शारीरिक-मानसिक त्रासासोबत आध्यात्मिक त्रासही धरते. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी शुश्रूषागृह काढलं तेही याच विचाराने. इकडे ठाण्यात पेशंटच्या उशाखाली कोपिनेश्वराच्या अंगाऱ्याची पुडी असते. समजूतदार सिस्टर चादर बदलताना ती उचलते आणि परत जागच्या जागी ठेवते. बस, एवढं पुष्कळ झालं. (कर्मभोगावर प्रवचन देणारे नातेवाईक मात्र बाहेरच बरे!) फक्त ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्याला गुपचूप पंचामृत पाजू नका, भूल दिल्यावर पोटातलं दूध-दही उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. आणि मधुमेह्याने उपास धरायचा तर इन्सुलिनचं डॉक्टरांना आधी विचारावं.