सही फक्त तुमची लागते

प्रश्न : वय 31, दोन मुलं आहेत. कॉपर-टी बसवलेली असूनही दिवस गेले. शेवटच्या पाळीपासून 8 आठवडे होत आले. मिस्टर मस्कतला नोकरीला, महिन्यापूर्वी सुट्टी संपवून गेले. दवाखान्यात म्हणतात, नवऱ्याची सही आणा, नाहीतर सासऱ्यांची. नणंदेने मेडिकलमधून गोळ्यांचं पाकीट आणून दिलंय. घरीच घेतल्या तर गुन्हा होतो का? दवाखान्यात केलं आणि काही बिघडलं, तर तक्रार करता येते का? ते तर आधीच ‘सर्व धोके समजले’ असं लिहून घेतात.

ताई, आधी ते पाकीट बाजूला ठेवा. कलमं नंतर बघू. कॉपर-टी असताना दिवस राहिले तर गर्भ पिशवीऐवजी नळीत असण्याची शंका जास्त असते. नळीतला गर्भ या गोळ्यांनी पडत नाही. रक्त जायला लागतं, बाईला वाटतं सुटले, आणि गर्भ आत वाढत राहून नळी फुटते. जीव जाऊ शकतो. म्हणून आधी सोनोग्राफी, आणि गर्भ पिशवीत असला तरी आधी कॉपर-टी काढणं. मेडिकलच्या काउंटरवर यातलं काहीच होत नाही.

आता सही. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात 18 वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. मुलगी अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालची, असेल किंवा बाई मनोरुग्ण असेल, तरच पालकाची लेखी संमती लागते. नवऱ्याचा उल्लेख नाही. सासऱ्यांना यात कुठून आणलं, ते दवाखान्यालाच ठाऊक. ‘कोणत्या कलमाखाली सही हवी, ते लिहून द्या,’ एवढं शांतपणे म्हणा. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर विषय मिटतो. नाहीच मिटला तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. साधन फसून दिवस राहणं हे कायद्यात मान्य कारण आहे, आणि 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. तुमचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला 2021 च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सासूबाईंना कळवायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

घरी घेतल्या तर गुन्हा का? खोटा दिलासा देत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 88 च्या शब्दांत स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही येते. तिला संरक्षण मिळतं ते नोंदणीकृत डॉक्टरमार्फत, कायद्याच्या चौकटीत केलं तर. त्याच गोळ्या डॉक्टरने 9 आठवड्यांच्या आत दिल्या तर पूर्ण कायदेशीर. चिठ्ठीशिवाय विकणारा मेडिकलवालाही नियम मोडतोच.

पद्धत कोणती, हे डॉक्टरांनी ठरवायचं, पण समजून तुम्ही घ्यायचं. गोळ्या दोन प्रकारच्या असतात : आधी मिफेप्रिस्टोन, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. पोटात कळा येतात, पाळीपेक्षा जास्त रक्त जातं. कधी थोडा भाग आत राहतो आणि पिशवी साफ करावी लागते. दुसरा मार्ग, नळीने ओढून पिशवी रिकामी करण्याचा. हा साधारण 12 आठवड्यांपर्यंत चालतो, काही मिनिटांत होतो. जंतुसंसर्ग होऊ शकतो, क्वचित पिशवीला इजाही. जुन्या पद्धतीचं धारदार हत्याराने खरवडणं, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘क्युरेटिंग’ म्हणतात, ते करू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या दवाखान्यात कसं करतात, विचाराच. हिमोग्लोबिन किती आणि रक्तगट निगेटिव्ह आहे का, हेही आधी बघून घ्या.

आणि तो छापील फॉर्म. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात म्हटलं, की उपचार काय, पर्याय कोणते, धोके कोणते, हे पुरेसं समजावल्यावरच संमती खरी. घाईघाईत घेतलेल्या सहीने डॉक्टर जबाबदारीतून सुटत नाही. मात्र सगळं बिघडणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. गोळ्यांनी पूर्ण न होणं ही माहीत असलेली अडचण आहे. तेवढ्यावर केस उभी राहणार नाही. पण कॉपर-टीचं सांगूनही सोनोग्राफी केली नाही, रक्तस्रावाची तक्रार फोनवरच टाळली, तर तो वेगळा मामला. ग्राहक आयोगात दोन वर्षांत जाता येतं. केसपेपर लेखी मागा; डॉक्टरांच्या आचारनियमांप्रमाणे ते 72 तासांत द्यायला हवेत. फीची पावती घ्यायला लाजू नका, पुढे तीच कामाला येते.

दिवस मोजताना शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरतात, त्यामुळे गोळ्यांसाठी तुमच्याकडे आता आठवडाच उरलाय. उद्याच जा.

हे वाचेपर्यंत गोळ्या घेऊन झाल्या असतील, तर आजच सोनोग्राफी करा. तासाला दोन पॅड भिजतायत आणि दोन तास तेच चाललंय, ताप आहे, चक्कर येते, एका कुशीत किंवा खांद्यात कळ येते, यातलं एकही असेल तर रात्रीही थेट रुग्णालयात जा. तातडीचा उपचार नाकारता येत नाही, हे 1989 मध्येच परमानंद कटारा प्रकरणात ठरलंय. डॉक्टरांपासून काही लपवू नका. रिकामं पाकीट सोबत न्या.