खोटी नोट, खरे पेढे आणि तोट्याचा हिशेब

प्रश्न : राजवाड्यापाशी संध्याकाळी जमणाऱ्या आमच्या मंडळींत एका कोड्यावरून तट पडले आहेत. गिऱ्हाईक ३२० रुपयांचे कंदी पेढे घेते आणि पाचशेची नोट देते. सुटे नाहीत म्हणून पेढेवाला शेजारच्या पानपट्टीवाल्याकडून नोट मोडून आणतो आणि १८० रुपये परत करतो. गिऱ्हाईक गेल्यावर पानपट्टीवाला ‘नोट बनावट आहे’ म्हणत येतो. पेढेवाला त्याला पाचशे भरून देतो. ते पेढे पेढेवाल्याला २४० रुपयांना पडले होते. तोटा किती? आमच्याकडे १,०००, ६८०, ५०० आणि ४२० अशी चार उत्तरे आहेत. (एक वाचक, सातारा)

उत्तर : ४२० रुपये.

नोट कुठून कुठे गेली याच्या मागे लागू नका, गल्ला मोजा. समजा सकाळी गल्ल्यात पाचशेच्या दोनच नोटा होत्या, म्हणजे १,००० रुपये. पानपट्टीवाल्याकडून शंभराच्या चार आणि विसाच्या पाच नोटा आल्या. त्यातली शंभराची एक आणि विसाच्या चार गिऱ्हाइकाला गेल्या, ३२० उरले. गल्ला झाला १,३२०. मग पाचशे भरून दिले, राहिले ८२०. म्हणजे रोकड १८० रुपयांनी घटली. त्यात गेलेल्या पेढ्यांचे २४० मिळवा.

१,००० म्हणणाऱ्यांनी भरपाईचे ५००, परत दिलेले १८० आणि पेढ्यांचे ३२० अशी बेरीज केली. ६८० वाल्यांनी पेढेच विसरून ५०० आणि १८० मिळवले. चूक दोघांचीही एकच : पानपट्टीवाल्याला दिलेले पाचशे धरले, त्याच्याकडून आधी आलेले पाचशे धरले नाहीत. त्याच्याशी झालेला व्यवहार शून्यावर मिटला. पेढेवाल्याकडे स्वतःचेच सुटे असते तरी तोटा एवढाच झाला असता.

५०० वाल्यांना मात्र सरसकट चूक म्हणता येणार नाही. त्यांनी पेढे विक्रीच्या भावाने धरले. दुकानात माल शिल्लक असेल तर वरचे ८० रुपये हा न मिळालेला नफा, तोटा नव्हे. पण त्या दिवशी पेढे संपले आणि पैसे घेऊन आलेले दुसरे गिऱ्हाईक रिकाम्या हाती परतले, तर ते ८० खरोखरच बुडाले. कोड्यात तसे सांगितलेले नाही, म्हणून ४२०. ‘गिऱ्हाइकाला तर पाचशेचा लाभ झाला, मग पेढेवाल्याचा तोटा कमी कसा?’ असेही कुणी विचारेल. १८० रोख आणि बाजारभावाने ३२० चे पेढे, असा त्याचा लाभ ५०० च. तेच पेढे पेढेवाल्याला २४० ला पडलेले, फरक तेवढाच.

कोडे थोडे वळवून बघा. पानपट्टीवाला परत आलाच नाही तर? मग पेढेवाल्याला चक्क ८० रुपये नफा, आणि पाचशेचा पूर्ण फटका पानपट्टीवाल्याला.

ती नोट बँकेत नेली तरी भरपाई मिळत नाही. बँक बनावटचा शिक्का मारून नोट जप्त करते, पोच देते, खात्यात काही जमा होत नाही. आणि बनावट आहे हे माहीत असताना ती पुढे खपवणे हा गुन्हा आहे. पाचशेची नोट घेताना ती तिरपी करून बघावी : अस्सल नोटेतला हिरवा धागा निळा दिसतो.

प्रश्न : हळदीची दोन पोती प्रत्येकी ९,९०० ला विकली. एकावर १० टक्के नफा, दुसऱ्यावर १० टक्के तोटा. फिट्टंफाट झाली ना? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही, २०० रुपये तोटा. टक्के खरेदीवर धरतात आणि दोन्ही पोत्यांची खरेदी वेगळी आहे. नफ्याचे पोते ९,९०० भागिले १.१, म्हणजे ९,००० चे. तोट्याचे ९,९०० भागिले ०.९, म्हणजे ११,००० चे. खरेदी २०,०००, विक्री १९,८००. इथे बरेच जण ९,९०० चेच १० टक्के काढतात, दोन्हीकडे ९९० येतात आणि हिशेब जुळल्यासारखा वाटतो.

विक्री सारखी आणि टक्केही सारखे असले की दर वेळी तोटाच होतो. टक्क्यांचा वर्ग करून १०० ने भागा : १० ला १ टक्का, २० ला ४ टक्के. ताळा हवा असेल तर ८,००० आणि १२,००० ची पोती प्रत्येकी ९,६०० ला विकून बघा. ८०० रुपये कमी येतील.