पाठीवर बाळ, भार कमरेवर

पाऊस ओसरून टेकड्यांवरच्या वाटा सुकल्या की बाळाला पाठीवर घेऊन फिरण्याविषयीची पत्रं वाढतात. या अंकासाठी त्यातली पाच निवडली आहेत.

प्रश्न : मुलगी साडेसहा महिन्यांची आहे, वजन ६ किलो ८०० ग्रॅम. रोज सकाळी वेताळ टेकडीवर तिला घेऊन चालायचं आहे. धातूच्या फ्रेमचं कॅरिअर घ्यावं की कापडी? (कोथरूड)

फ्रेमचं आत्ता नको. त्यासाठी वयापेक्षा दोन गोष्टी बघाव्या लागतात : बाळाचं बसणं आणि वजन. बहुतेक फ्रेम कॅरिअर साधारण सात-सव्वासात किलोंच्या पुढच्या मुलांसाठी असतात. त्याहून लहान बाळ आतल्या पट्ट्यांत सैल राहतं, चालताना खाली घसरतं आणि एका कुशीवर कलंडतं.

बसण्याची परीक्षा घरीच करा. सतरंजीवर बसवून तिच्या हातात वाटी-चमचा द्या. दोन्ही हात खेळण्यात गुंतलेले असताना, जमिनीला हात न टेकता ती पाच-दहा मिनिटं ताठ बसली, तर पाठ तयार झाली. हात टेकून बसत असेल तर अजून थांबा.

तोवर कापडी कॅरिअरमध्ये पुढे, तुमच्याकडे तोंड करून घ्या. मान सहज खाली केली की तिच्या कपाळाची पापी घेता आली पाहिजे. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये निदान दोन बोटं जागा हवी, नाक-तोंड उघडं आणि तुमच्या नजरेसमोर हवं. वेताळ टेकडीच्या रुंद वाटेला एवढं पुरे.

प्रश्न : मुलगा दीड वर्षाचा, ११ किलोंचा. चांगलं फ्रेम कॅरिअर घेतलं, पण वीस मिनिटांत माझे खांदे भरून येतात. पत्नीलाही तोच त्रास होतो. डिसेंबरात सिंहगडावर जायचं आहे. (सहकारनगर)

तुमच्या वर्णनावरून भार कमरेवर न येता खांद्यांवर लटकतोय. एकाच मापावर दोघं वापरत असाल, तर एकाला तरी ते नक्कीच चुकीचं बसतंय.

आधी पाठीची लांबी मोजा. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी एक मणका ठळक हाताला लागतो. तिथून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत टेप धरा. ही पाठीची लांबी. उंच माणसाची पाठ लांबच असते असं नाही, काहींचे पायच लांब असतात, म्हणून अंदाजाने लावू नका. फ्रेमच्या पाठीकडच्या सरकत्या पट्टीवर ते माप लावा. तुमची आणि पत्नीची खूण वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्याने करून ठेवा, म्हणजे अदलाबदल करताना अर्ध्या मिनिटात काम होतं.

मग पट्ट्यांचा क्रम. सगळे पट्टे सैल करून कॅरिअर पाठीवर घ्या. पहिल्यांदा कमरपट्टा : त्याचा मधला भाग कमरेच्या हाडाच्या कडेवर बसला पाहिजे. पोटावर बांधला तर श्वास अडतो, खाली नितंबांवर गेला तर चालताना घसरत राहतो. तो घट्ट झाल्यावरच खांद्याचे पट्टे ओढा, तेही अंगाला लागेपर्यंतच. त्यानंतर खांद्यावरून फ्रेमच्या वरच्या भागाकडे तिरके जाणारे छोटे पट्टे हलके ताणा, त्यांनी भार तुमच्याकडे झुकतो. छातीचा पट्टा शेवटी, बगलेच्या थोडा खाली. सगळं झाल्यावर खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं सहज गेली पाहिजेत. जात नसतील तर खांदे पुन्हा हमाली करताहेत.

मुलाची सीटही बघा. सीट खाली राहिली की मूल मागे रेलतं, त्याचं वजन तुमच्या पाठीपासून लांब जातं आणि तुम्ही नकळत पुढे वाकून चालता. हनुवटी पुढच्या मऊ उशीच्या वरच्या कडेच्या जरा वर येईल इतकी सीट उचला. पायांसाठी रिकिबी असतात, त्या बरेच जण लावतच नाहीत. लोंबते पाय म्हणजे सीटची कड मांडीखाली रुतणार, पायाला मुंग्या येणार आणि मूल वळवळणार. ती वळवळ तुमच्या खांद्यांना जाणवते. रिकिबी इतक्या वर घ्या की गुडघे बुडाच्या पातळीला किंवा किंचित वर येतील.

आता वजनाचा हिशेब. मुलगा ११ किलो, कॅरिअर साधारण साडेतीन, दीड लिटर पाणी, डायपर-कपडे-खाऊ दीड किलो : साडेसतरा झाले. अनेक मॉडेलांची मर्यादा २२ किलोंच्या आसपास असते. त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजन धरलंय का, हे माहितीपत्रकात वाचा. जड सामान सीटखालच्या कप्प्यात, पाठीलगत ठेवा.

उचलण्याचा सराव घरी करा. दहा किलो तांदळाची पिशवी सीटमध्ये आवळून बांधा. मागचा टेकू पूर्ण उघडून खटका बसल्याचा आवाज ऐका. एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवा, वरच्या मुठीला धरून फ्रेम मांडीवर घ्या, एक हात पट्ट्यात घाला, मग वळून दुसरा. उतरवतानाही तसंच. मूल बसलेलं असताना दुसऱ्याने मागून धरावं. टेकू फक्त सपाट, कडक जमिनीवर. मुरमाच्या उतारावर किंवा कट्ट्यावर ठेवलेलं कॅरिअर मुलाच्या एका झोक्याने उलटतं, आणि फोटोसाठी लोक नेमकं तेच करतात.

सिंहगडाला पहिल्या वेळी आतकरवाडीची वाट नको, गाडीने वाहनतळापर्यंत जा आणि वर फिरा. दर पाऊण तासाने मुलाला बाहेर काढून पाय मोकळे करू द्या. लक्षात असू द्या, मुलाचं डोकं तुमच्या डोक्याच्याही वर असतं. दरवाज्यांच्या कमानी आणि झाडांच्या फांद्या तुम्हाला लागत नाहीत, त्याला लागतात. वाकायचं झाल्यास गुडघ्यांतून खाली जा, कमरेतून वाकलात तर मूल डोक्यावरून पुढे येतं. उतरताना हातात काठी हवीच.

प्रश्न : सून नातवाला कापडी कॅरिअरमध्ये तासन् तास घेते. असे पाय फाकवून ठेवल्याने मुलगा फेंगडा चालेल का? (एक आजी, सदाशिव पेठ)

आजी, तुम्ही मुलांना कडेवर घेतलंत तेव्हाही पाय असेच फाकलेले होते आणि ते चांगलंच होतं. लहानपणी खुब्याचा गोळा त्याच्या वाटीत नीट बसायला मांड्या बाजूला आणि गुडघे बुडापेक्षा थोडे वर ही बैठक अनुकूल असते. त्रास उलट बैठकीचा : अरुंद पट्टीवर बाळ बसलंय आणि पाय सरळ खाली लोंबताहेत. सुनेच्या कॅरिअरचं कापड एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागपर्यंत पोचतंय का, तेवढं बघा. खुब्याचा काही दोष डॉक्टरांनी सांगितला असेल, तर मात्र त्यांना विचारूनच वापरावं.

‘तासन् तास’ याबद्दल तुमची काळजी रास्त आहे. बाळाला जमिनीवर लोळायला, रांगायला वेळ मिळालाच पाहिजे.

प्रश्न : पहाटे तळजाईवर नेताना मुलगी कॅरिअरमध्ये झोपते आणि मान लटकते. शिवाय मला घाम येतो, पण तिचे पाय गार पडतात. (धनकवडी)

झोप आली की मान एका बाजूला वळवून गाल उशीवर टेकवा. हनुवटी छातीवर पडली तर श्वासाची वाट दबते. अशा वेळी घर जवळ आलंय म्हणून चालत राहू नका, तिथेच थांबून बाहेर काढा. मूल वर्षाच्या आतलं असेल तर हे अधिकच कटाक्षाने पाळा. पाठीमागचं दिसत नाही, म्हणून छोटा आरसा पट्ट्याला अडकवून ठेवा आणि दर काही मिनिटांनी बघा.

थंडीचं कारण सरळ आहे : चढ चढून तुमचं अंग तापतं, ती मात्र निश्चल बसलेली असते. तुम्हाला एक शर्ट पुरतो तेव्हा तिला एक थर जास्त लागतो. बसल्यावर पँट वर सरकते आणि पोटरी उघडी पडते, तिथे लांब मोजे घाला. हात-पाय गार लागणं फसवं असतं, मानेच्या मागे हात लावून बघा. एप्रिल-मेमध्ये उलटी काळजी. सावलीचं छत लावलं तरी आत वारा खेळायला हवा. नऊच्या आत घरी या.

प्रश्न : कॅरिअर पाठीला लावून स्कूटरवर बसलं तर चालेल का? आणि जुनं वापरलेलं घ्यावं का? (हडपसर)

स्कूटरवर नाही. कॅरिअर चालण्यासाठी आहे, धक्का सोसण्यासाठी नाही, आणि पाठीवरचं मूल मागच्या वाहनासमोर उघडं राहतं. चार वर्षांखालच्या मुलासाठी केंद्राच्या २०२२ च्या नियमात वेगळा सेफ्टी हार्नेस (मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारं पट्ट्यांचं जाकीट) सांगितला आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. कॅरिअर म्हणजे तो हार्नेस नव्हे.

जुनं घ्यायला हरकत नाही. प्रत्येक बकल दहा वेळा लावून ओढून बघा. प्लास्टिकवर पांढुरकी रेघ दिसली तर तिथे चीर पडते आहे. पट्टे जिथे कापडाला शिवलेत तिथली शिवण उलटी करून तपासा, टेकूचा खटका ढिला आहे का बघा आणि आतले मुलाचे पट्टे सगळे जागेवर आहेत का मोजा. त्यातला एखादा हरवलेला असेल आणि विकणारा म्हणाला की तसा तो लागतही नाही, तर ते कॅरिअर घेऊ नका.